शंभर येनचे पुस्तक

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेचे चालक विषय ठरवावयास आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशीच त्यांची समजूत होती. "जपानमधील छायाचित्रे" असे आम्ही म्हणताच त्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांचे नवल रास्त होते. ज्याची तीस वर्षे गेट-सभा, टाळेबंदी आणि कोर्टाच्या तारखा यांत गेली, त्याने कलेच्या वाटेस का जावे? शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात. तशाच एका ढिगात जपानी छायाचित्रांचे एक इंग्रजी पुस्तक हाती लागले, आणि त्यातील एका चित्रापाशी आम्ही अडलो. या व्याख्यानाचे मूळ तेथे आहे.

चित्र एका शाळेच्या वर्गाचे आहे. जेवणाची वेळ झाली आहे आणि मुले डबे उघडून जेवत आहेत. त्यांच्यातच काही मुले मात्र चित्रांची पुस्तके उघडून त्यांत डोके खुपसून बसली आहेत. त्यांना वाचनाची गोडी फार, असे नव्हे. त्यांनी डबाच आणलेला नाही, आणि शेजाऱ्याच्या डब्याकडे नजर जाऊ नये म्हणून ती वाचत आहेत. आम्ही गिरणगावात वाढलो. १९८२ चा संप झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. डबा नसलेल्या मुलाने मधल्या सुटीत काय करावयाचे असते हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. आम्ही नळावर जात असू आणि सुटी संपेपर्यंत तोंड धूत असू.

हे चित्र दोमोन केन यांचे. (जपानात आडनाव आधी लावतात, आम्हीही तसेच लिहीत आहोत.) ते १९५९ च्या डिसेंबरात घेतले गेले, आणि पुढच्याच महिन्यात ज्या पुस्तकात छापले गेले त्याची किंमत होती शंभर येन. या किमतीविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. परंतु तेथे पोहोचण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे, कारण ज्या कॅमेऱ्याने ते चित्र टिपले त्याचा पूर्वेतिहास निष्कलंक नाही.

१९३० नंतरच्या दशकात जपानी छायाचित्रकारांतील उत्तमोत्तम माणसे देशाची छबी परदेशात नेण्याच्या कामी लागली होती. 'निप्पोन' नावाचे देखणे नियतकालिक १९३४ साली निघाले. तरुण दोमोन १९३५ साली ते काढणाऱ्या संस्थेत दाखल झाले. पुढे युद्ध पेटले. १९४२ पासून 'फ्रंट' नावाचे भव्य सचित्र नियतकालिक निघू लागले, ते तब्बल पंधरा भाषांत. त्याच्या छायाचित्र विभागाची धुरा किमुरा इहेइ या श्रेष्ठ कलावंताकडे होती. रणगाडे, विमाने, छत्रीधारी सैनिक यांची ती पाने आजही पाहणाऱ्याला दिपवतात. कारागिरी अव्वल दर्जाची आणि मालक कोण ते उघड. कारागिराला मालाच्या उपयोगाचा जाब विचारावा की नाही, हा प्रश्न आमच्या चळवळीतही फार जुना आहे, आणि त्याचे सरळ उत्तर आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

मग ६ ऑगस्ट १९४५ चा दिवस उजाडला. हिरोशिमात त्या दिवशी शहराच्या आत राहून चित्रे घेणारा माणूस जवळजवळ एकच : 'चुगोकू शिंबुन' या स्थानिक वर्तमानपत्राचे छायाचित्रकार मात्सुशिगे योशितो. ते स्वतः त्या स्फोटातून वाचले होते. मियुकी पुलापाशी भाजलेल्या माणसांचा घोळका बसला होता. त्यांच्या अंगावर तेल चोपडण्याचे काम चालले होते. मात्सुशिगे यांनी कॅमेरा उचलला, परंतु कळ दाबण्यास बोट धजेना. बऱ्याच वेळाने त्यांनी एक चित्र घेतले, आणखी पुढे जाऊन दुसरे घेतले. कॅमेऱ्याच्या काचेतून पाहताना डोळ्यांतल्या पाण्याने सारे धूसर झाले होते, असे ते पुढे सांगत. त्या संबंध दिवसाची त्यांची पाच चित्रे उरली आहेत. तिकडे नागासाकीत यामाहाता योसुके हे लष्कराचे छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी, म्हणजे १० ऑगस्टला, पोहोचले. शत्रूच्या क्रौर्याचा प्रचार करावयास उपयोगी पडतील अशी चित्रे आणावीत, हा त्यांना हुकूम होता. त्यांनी शंभरावर चित्रे घेतली. पाचच दिवसांत युद्ध संपले, हुकूम देणारे पडले, आणि चित्रे तेवढी राहिली.

ती छापता मात्र येईनात. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकन ताबा-सरकारने वर्तमानपत्रांसाठी नियमावली काढली, आणि अणुबाँबच्या परिणामांची चित्रे तिच्या कचाट्यात सापडली. ज्या शहरावर बाँब पडला त्या शहराचे हाल त्याच देशाच्या माणसांनी पाहू नयेत, अशी ती व्यवस्था. १९५२ च्या एप्रिलमध्ये ताबा संपला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टच्या तारखेला 'असाही ग्राफ' या साप्ताहिकाने ती चित्रे अखेर छापली. अंक हातोहात संपला. पुन्हा पुन्हा छापावा लागला. प्रत्यक्ष घटनेनंतर तब्बल सात वर्षांनी टोकियोतल्या माणसाला हिरोशिमा पाहावयास मिळाले.

आता दोमोन यांच्याकडे वळू. १९०९ साली ईशान्येकडील साकाता गावी गरिबीत जन्मलेला हा मनुष्य युद्धानंतर वेगळाच बोलू लागला. १९५० पासून 'कॅमेरा' या मासिकातील हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेचे परीक्षण त्यांच्याकडे आले. दरमहा खेड्यापाड्यांतून, कचेऱ्यांतून, कारखान्यांतून चित्रे येत आणि दोमोन त्यांवर कडक शेरे लिहीत. त्यांचा आग्रह एकच : काहीही मांडून, सजवून, बसवून घ्यावयाचे नाही, समोर जे आहे त्याच्याशी कॅमेऱ्याची थेट गाठ पडली पाहिजे. परिणामी हौशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि अनाथ पोरे, लंगडे सैनिक, भीक मागणारी माणसे यांच्या चित्रांचा पूर आला. टीकाकारांनी त्याला नाव ठेवले 'भिकाऱ्यांची छायाचित्रे'. ही टीका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याचे दैन्य हे हौसेचे साहित्य होऊ शकते. अशी माणसे आम्हीही संपाच्या मंडपात पाहिली आहेत. खुद्द दोमोन यांना हिरोशिमात जावयास १९५७ साल उजाडले. स्फोटाला बारा वर्षे झाली तरी इस्पितळात जळलेल्या कातडीवर शस्त्रक्रिया चालूच होत्या हे पाहून ते हादरले, आणि पुढच्या वर्षी 'हिरोशिमा' हे त्यांचे पुस्तक निघाले. ते मोठे, भारी आणि अर्थातच महाग होते. ज्यांच्याविषयी ते होते त्यांतील किती जणांना ते विकत घेता आले असेल?

चिकुहो हा क्यूशू बेटाच्या उत्तरेकडील कोळशाचा मुलूख. जपानचे कारखाने, आगगाड्या, युद्धनौका या साऱ्यांच्या पोटात येथला कोळसा गेला होता. १९५० नंतरच्या दशकात सरकारने आणि उद्योगपतींनी कोळशाकडून खनिज तेलाकडे मोर्चा वळवला. मोठ्या खाणींनी माणसे कमी करावयास घेतली. छोट्या खाणी तर एका रात्रीत बंद पडू लागल्या, आणि मजुरी थकलेलीच राहिली. खाणीची चाळ खाणमालकाची, दुकान त्याचे, वीज त्याची. खाण बंद झाली की एकदम सारेच बंद. बायका कोळशाच्या टाकाऊ मातीच्या डोंगरांवर चढून खडे वेचू लागल्या. १९५९ साली या कुटुंबांसाठी मदतीची मोहीम निघाली. पैसे देणाऱ्याच्या कोटाला काळे रंगवलेले पीस टोचत. ते काळे पीस देशभर दिसू लागले, परंतु ज्यांच्यासाठी ते टोचले त्यांचे तोंड कोणी पाहिले नव्हते.

दोमोन त्या डिसेंबरात गेले आणि सुमारे दोन आठवडे राहिले. सभा, मोर्चे, निशाणे यांच्या मागे ते लागले नाहीत. मुलांच्या मागे लागले. काठीने मारामारी खेळणारी मुले, पावसात भिजणारी मुले, धाकट्याला पाठीशी बांधलेली मुले. आई घर सोडून गेलेली आणि बाप बेकार, अशा दोन लहान बहिणी त्यांना भेटल्या. त्यांतील थोरलीचे डोळे ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. मुलांची ही चित्रे करुण आहेत, पण रडकी नाहीत. पोरे हसतात, खोड्या करतात, कॅमेऱ्याला वेडावतात. भूक लागलेले मूल दिवसभर भुकेलेच दिसते अशी कल्पना पोट भरलेल्यांची असते.

आणि मग किंमत. दोमोन यांनी ठरवले की हे पुस्तक गुळगुळीत कागदावर निघणार नाही. वर्तमानपत्राच्या जातीच्या खरबरीत कागदावर ते छापले गेले आणि शंभर येनला विकले गेले. डॉलरच्या त्या वेळच्या भावाने हिशेब केला तर आपले सव्वा रुपयाहून थोडे अधिक. हाताळून फाटावे, एकाने दुसऱ्याला द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. चित्रांतील काळा रंग त्या कागदावर थोडा फुटला असणार. कलेच्या दृष्टीने ते नुकसानच. परंतु सुमारे एक लाख प्रती खपल्या. हँडबिले छापण्यात आमचे आयुष्य गेले. कोणता कागद घ्यावा यावर अर्धी रात्र वाद घातलेली माणसे आम्ही आहोत. आमच्या मते त्या दशकातील जपानी छायाचित्रकलेचा सर्वांत मोठा निर्णय हा कागदाचा निर्णय होता.

तो महिनाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जानेवारी १९६० मध्ये पुस्तक निघाले, आणि त्याच महिन्यात चिकुहोच्या दक्षिणेस मीइके येथील मित्सुईच्या प्रचंड खाणीत टाळेबंदी झाली. बाराशेहून अधिक कामगारांना कमी करण्यावरून पेटलेला तो लढा नोव्हेंबरपर्यंत चालला. मार्चमध्ये पहाऱ्यावरचा एक संपकरी भोसकून मारला गेला, संघटनेत फूट पडली आणि शेवटी कामगार हरले. तीन वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्याच मीइकेच्या मिकावा खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन ४५८ माणसे मेली आणि आठशेवर माणसांच्या मेंदूत विषारी वायू भिनला. या गोष्टी छायाचित्रांच्या इतिहासात क्वचितच सांगितल्या जातात. आम्हांला त्या वगळवत नाहीत.

दोमोन यांना या कामानंतर लवकरच पक्षाघाताचा झटका आला. हातातला छोटा कॅमेरा पेलेना, म्हणून ते तिवईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे वळले आणि पुढची वर्षे त्यांनी जुन्या मंदिरांची व मूर्तींची अपूर्व चित्रे घेतली. त्या दोन बहिणींचा बाप मात्र वारला. १९६० सालीच दोमोन यांनी त्या घरावर दुसरे पुस्तक काढले. मुलींची दुर्दशा जगजाहीर झाली, सहानुभूती आली. पण एवढ्या लहान जिवांनी देशभरच्या डोळ्यांचे ओझे कसे वाहिले असेल, ही शंका आमच्या मनातून जात नाही.

चिकुहोचीच दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिच्यात कॅमेरा नाही. यामामोतो साकुबेइ हे १८९२ साली जन्मलेले खाणकामगार. सात-आठ वर्षांचे असल्यापासून आईबापांबरोबर खाणीत उतरलेले, पन्नास वर्षे अनेक खाणींत राबलेले. साठी उलटल्यावर ते रात्रपाळीचे पहारेकरी झाले. खाणी मिटत चालल्या होत्या. महायुद्धात गेलेल्या थोरल्या मुलाची आठवण रात्री झोपू देत नसे, आणि पहाऱ्याच्या खोलीत वेळच वेळ होता. आपण पाहिलेली खाण नातवंडांना कळावी म्हणून त्यांनी चित्रे काढावयास घेतली. आधी नुसत्या शाईने, पुढे रंगांत. नवरा आडवा पडून कोळसा फोडतो आहे, बायको उघड्या अंगाने टोपली ओढते आहे, दिव्याची ज्योत, गोंदलेल्या पाठी, मजुरीच्या भांडणाला मुकादमाची काठी. चित्रात मोकळी जागा उरली की तेथे ते बारीक अक्षरांत लिहीत : हे हत्यार असे धरतात, तांदळाचा भाव त्या वर्षी एवढा होता. अशी हजारावर चित्रे त्यांनी काढली. १९८४ साली ते वारले. २०११ साली त्यांची चित्रे व रोजनिशा युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यांत नोंदल्या. जपानमधील ही पहिलीच नोंद. एखादा दरबारी ग्रंथ नव्हे, पहारेकऱ्याच्या वह्या! आम्ही ही बातमी वाचली त्या दिवशी आमच्या कचेरीत पेढे वाटले आणि कोणालाच कारण नीट सांगता आले नाही.

याच मुलुखात उएनो एइशिन नावाचा लेखक खाणकामगारांत राहिला. त्याने आणि चो गुन्जे या छायाचित्रकाराने मिळून चिकुहोच्या छायाचित्रांचे दहा खंड १९८४ ते १९८६ या काळात काढले. चो कोरियन वंशाचे, कोवळ्या वयात स्वतः खाणीत राबलेले. पुढे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या बंदिस्त वसाहतींत वर्षानुवर्षे जाऊन चित्रे घेतली. जमिनीखाली कोंडले जाणे म्हणजे काय ते ज्याने भोगले, त्याला भिंतीआड कोंडलेल्यांची ओळख लवकर पटली असावी.

१९६८ नंतर हवा बदलली. विद्यापीठे पेटली होती, व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि जुन्या वास्तववादावर तरुणांचा विश्वास उरला नव्हता. नाकाहिरा ताकुमा, ताकी कोजी, ताकानाशी युताका, ओकादा ताकाहिको यांनी 'प्रोव्होक' नावाचे नियतकालिक काढले. १९६८ चा नोव्हेंबर ते १९६९ चा ऑगस्ट एवढ्यात त्याचे अवघे तीन अंक निघाले. दुसऱ्या अंकापासून मोरियामा दाइदो येऊन मिळाले. चित्रे खरबरीत, हललेली, धूसर. आज जगभरच्या संग्रहालयांत या अंकांना सोन्याचा भाव आहे. आम्हांला ही चित्रे प्रथम मुळीच आवडली नाहीत, आणि अजूनही पुष्कळशी आवडत नाहीत. तेव्हा त्यांच्याविषयी अधिक जाणकारांनी बोलावे. परंतु नाकाहिरा यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आमच्या धंद्याचा आहे, तो सांगतो.

ओकिनावा बेटे १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती. ती जपानला परत करण्याचा करार झाला, पण लष्करी तळ तसेच राहणार होते. त्या कराराविरुद्ध १० नोव्हेंबर १९७१ रोजी ओकिनावात सार्वत्रिक संप झाला. चकमकीत एक पोलीस जळून मेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक छायाचित्र छापून आले : ज्वाळांत पडलेला पोलीस आणि त्याच्यापाशी पाय उचललेला एक तरुण. मजकूर असा होता की हा तरुण पोलिसाला तुडवीत आहे. तरुणाला खुनाच्या आरोपावरून अटक झाली, आणि मुख्य पुरावा ते चित्रच. बचावाचे म्हणणे असे की तो पायाने आग विझवीत होता. एकच पाय, एकच क्षण. लाथ म्हणावे तर लाथ, मदत म्हणावी तर मदत! नाकाहिरा त्या खटल्याच्या मदतीसाठी ओकिनावात गेले. चित्र खोटे नव्हते, बनवलेले नव्हते, आणि तरीही ते खोटी साक्ष देत होते, ही गोष्ट त्यांना जाळीत गेली. १९७६ साली अपिलात तो तरुण निर्दोष सुटला. मधल्या काळात, १९७३ साली, नाकाहिरा यांनी आपल्या पूर्वीच्या कामाचा बराच भाग स्वतःच्या हाताने जाळून टाकला होता. एका कारखान्याच्या दाराशी काढलेल्या छायाचित्रावरून आमच्या अकरा माणसांवर चौकशी बसली होती, तेव्हा आम्हांला हा खटला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर आमच्या वकिलांना जरूर सांगितला असता. मूठ उगारलेली दिसत होती. घोषणा देताना मूठ उगारतातच.

आता मिनामाता. या गावाविषयी बोलताना कामगार चळवळीतील माणसाला मान खाली घालावी लागते, म्हणून आम्ही ते शेवटाकडे ठेवले होते.

क्यूशूच्या पश्चिम किनाऱ्यावरील हे कोळ्यांचे गाव. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना. कारखान्याचे पारामिश्रित पाणी समुद्रात जाई, पारा माशांत शिरे, मासे माणसांच्या पोटात. १ मे १९५६ ही त्या रोगाच्या अधिकृत नोंदीची तारीख, कामगार दिनाचीच! हात वाकडे, डोळे जाणारे, तोल जाणारा, आणि आईच्या पोटातच विष घेऊन जन्मलेली मुले. १९५९ साली कोळी कारखान्यावर चालून गेले. सांडपाणी बंद होऊ नये म्हणून गव्हर्नराकडे जे शिष्टमंडळ गेले, त्यात नगराध्यक्षांच्या बरोबरीने कारखान्याची कामगार संघटनाही होती. रोजी जाईल ही भीती खरी होती. आम्ही त्या माणसांना नावे ठेवणार नाही, कारण त्यांच्या जागी आम्ही काय केले असते ते आम्हांला माहीत आहे. पुढे १९६२ च्या वेतनाच्या झगड्यात कंपनीने दुसरी संघटना उभी करून त्यांच्यात फूट पाडली. जे जुन्या संघटनेत राहिले त्यांना बदल्या आणि अपमान सोसावे लागले. तेव्हा कोठे त्यांना कोळ्यांचे दुःख दिसले. ३० ऑगस्ट १९६८ रोजी त्या संघटनेने ठराव केला की या रोगाविरुद्ध आपण आजवर लढलो नाही ही आपली लाज आहे. 'लाजेचा ठराव' म्हणूनच तो ओळखला जातो. १९७० साली त्यांनी प्रदूषणाच्या प्रश्नावर कामही बंद ठेवले. आमच्या चळवळीच्या इतिहासात विजयाचे ठराव खंडीभर आहेत. लाजेचा ठराव आम्हांला दुसरा सापडला नाही.

छायाचित्रकार तेथे आधीच पोहोचले होते. कुवाबारा शिसेइ नावाचा तरुण १९६० साली तेथे गेला, रोग्यांच्या घरी बसला, पुन्हा पुन्हा गेला. १९६५ साली त्याचे पुस्तक निघाले. जगाला मात्र मिनामाता दिसले ते अमेरिकन यूजीन स्मिथ आणि त्यांच्या अर्ध्या जपानी पत्नी आयलीन यांच्यामुळे. १९७१ पासून तीन वर्षे ती दोघे त्या गावात भाड्याच्या घरात राहिली. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत जपानी तोफगोळ्याने जबर जखमी झालेला हा छायाचित्रकार. जानेवारी १९७२ मध्ये टोकियोजवळ चिस्सोच्याच गोइ येथील कारखान्यात रोग्यांबरोबर गेला असता तेथील माणसांनी त्याला उचलून आपटले. त्याच्या मानेला आणि डोळ्यांना झालेली इजा १९७८ साली मरेपर्यंत पुरली. मारणारे हात मजुरी करणाऱ्यांचेच होते.

डिसेंबर १९७१ मधील त्यांचे एक चित्र सर्वांत गाजले. आई आपल्या मुलीला न्हाऊ घालते आहे. मुलगी जन्मापासून त्या विषाने पंगू, हातपाय काठीसारखे वळलेले, नजर कोठेच नाही. आई तिला दोन्ही हातांवर तोलून तिच्याकडे पाहते आहे. १९७२ साली अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात ते छापले गेले आणि मिनामाता म्हणजे ते चित्र असे होऊन बसले. मार्च १९७३ मध्ये कोर्टाने कंपनीला दोषी ठरवले. १९७७ साली ती मुलगी एकवीस वर्षांची असताना वारली. चित्र मात्र छापले जातच राहिले : पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत. वीस वर्षांनंतरही परदेशी मंडळी आईबापांच्या दारी मुलाखत मागत येत. आईबाप थकले, मुलीला आता विश्रांती मिळावी असे त्यांना वाटले. १९९८ साली आयलीन स्मिथ त्यांच्याकडे गेल्या आणि त्या चित्राविषयीचा अधिकार त्यांनी आईबापांच्या हाती दिला. त्यानंतर ते चित्र नव्याने छापावयास देणे बंद झाले.

यावर पुष्कळ वाद झाला. चित्र जगाचे आहे, ते लपवणे म्हणजे कंपनीचे पाप लपवणे, असे काहींनी म्हटले. २०२० साली या कथेवर चित्रपट निघाला, तेव्हा तो प्रसंग पुन्हा पडद्यावर आला आणि वाद पुन्हा उठला. आमचा कौल आईबापांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही. बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात अपघाताने एक कामगार गेला. त्याच्या बायकोचा प्रेतापाशी बसलेला फोटो आम्ही मोठ्या अक्षरांच्या मथळ्याखाली भित्तिपत्रकावर छापला. तिला विचारले नाही. विचारावयाचे असते हे सुचलेही नाही. आपण तिच्याच बाजूने लढतो आहोत ना! पत्रकाने काम केले, भरपाई वाढवून मिळाली. महिन्याभराने ती कचेरीत आली आणि दारातच उभी राहिली. "भाऊ, पैसे मिळाले, तुमचे उपकार आहेत. पण बाजारात गेले तर भाजीवालीसुद्धा त्या फोटोतली म्हणून बघते. तेवढे उतरवा." आम्ही पोरे पाठवून हाताला लागली तेवढी पत्रके काढवली. पुलाखालच्या भिंतीवरची निघाली नाहीत. ती पाऊस पडेपर्यंत राहिली.

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानच्या किनाऱ्यावर समुद्र चालून आला. हाताकेयामा नाओया या नामवंत छायाचित्रकाराने त्यापूर्वी चुनखडीच्या खाणींची, सुरुंगांच्या स्फोटांची चित्रे घेऊन नाव कमावले होते. त्याचे गाव रिकुझेनताकाता वाहून गेले आणि त्याची आईही गेली. तो तेथे वर्षानुवर्षे जाऊन आपल्याच गावाच्या मोकळ्या जागेची चित्रे घेत राहिला. परंतु त्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठे काम ज्यांनी केले त्यांतील पुष्कळांच्या हाती कॅमेराच नव्हता.

मियागी प्रांतातील यामामोतो या छोट्या गावात चिखल उपसताना सैनिकांना आणि आगीच्या बंबावरील माणसांना घरोघरचे फोटो सापडू लागले : लग्नाचे, शाळेच्या पहिल्या दिवसाचे, सहलीचे, देवघरातील मेलेल्या आजोबांचे. कोणी ते टाकून देण्यास धजेना. ते एका शाळेच्या व्यायामशाळेत आणून ठेवले गेले. मोजदाद साडेसात लाखांवर गेली. स्वयंसेवक आले. त्यांत ताकाहाशी मुनेमासा हा तरुण छायाचित्रकारही होता, पण तेथे तो फोटो काढत नव्हता, धूत होता. बादलीत स्वच्छ पाणी, मऊ कुंचला, हलक्या हाताने चिखल सोडवावयाचा, दोरीवर चिमटा लावून वाळत घालावयाचे, मग क्रमांक टाकून नक्कल करून ठेवावयाची. ओल्या फोटोला कीड लागते आणि कडेकडून रंग विरघळत आत सरकतो. पुष्कळांचे चेहरे गेलेले, फक्त किमोनोची कड किंवा मुलाचा बूट शिल्लक. जे ओळखण्यापलीकडे गेले होते त्यांचे ताकाहाशी आणि त्यांच्या सोबत्यांनी टोकियोत आणि परदेशांत प्रदर्शन मांडले, ओळीने भिंतभर, कोणाचेही नाव न लावता. आणि जे ओळखता येत होते ते टेबलांवर पसरून ठेवले गेले. गावातील माणसे रविवारी येत, टेबलांमधून सावकाश फिरत, मधूनच एखादा फोटो उचलून खिडकीपाशी उजेडाला नेत.